नलिनीताईंची साक्ष

नलिनीताई भिंगारदिवे ब्लाउज शिवतात. भुकूमच्या नव्या सोसायट्यांमधल्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ आहेत, आणि कोण किती सुटलंय हे त्या जन्मात कुणाला सांगणार नाहीत. अशा सगळं पोटात ठेवणाऱ्या बाईच्या हाती आमच्या मंडळीनं माईक दिला आणि तिला पुरतं अडकवलं.

आमची मंडळी म्हणजे आमचं चर्च, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. गाणी झाली की आमच्यात साक्ष असते. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. नलिनीताईंना लहानपणापासून फिट यायच्या. आमचे पाळक, म्हणजे पास्टर, अमोघ यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, ताईंनी गोळ्या सोडल्या आणि सगळा पावसाळा एकही फिट आली नाही. ताईंनी रडत रडत साक्ष दिली. त्या रडण्यात तसूभरही खोटं नव्हतं. मी शेजारच्याच खुर्चीवर होते.

तेव्हापासून प्रत्येक प्रवचनात ताई आल्याच. अमोघ मनानं वाईट नाही. आयटीतली चांगली नोकरी सोडून आला, कुणी आजारी पडलं की आधी धावतो. पण बोलायला लागला की त्याला आवरत नाही. "माणसाचं ज्ञान एकीकडे आणि देवाचं ज्ञान एकीकडे! डॉक्टर हरले, आणि पाहा, बहीण नलिनी उभी आहे!" मग ताईंनी उभं राहायचं. माणसाच्या ज्ञानाला झोडपायला इतकी घोटून तयार केलेली भाषणं कशाला लागतात, हे मी त्याला एकदा विचारणार आहे.

नाताळाच्या आधी ताई मशीनवरच कोसळल्या. हातात कात्री होती, थोडक्यात वाचल्या. शुद्धीवर आल्यावर गुपचूप पौडला डॉक्टरांकडे गेल्या आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. एक पाकीट मशीनच्या खणात, रिळांच्या खाली, आणि एक पर्सच्या तळाशी. एवढं फक्त मला सांगितलं.

"मी खोटी ठरले तर ठरू दे गं," त्या म्हणाल्या. "पण लोक देवाला खोटं म्हणतील."

मला असा राग आला! "डॉक्टरला अक्कल कुणी दिली मग? सैतानानं?"

"देवानंच दिली असेल. पण हे माईकवर कसं सांगू?"

त्यामुळे दर रविवारी त्या उभ्या राहायच्या, "देव चांगला आहे" एवढंच म्हणायच्या आणि बसायच्या. ते खोटं नव्हतं. पण खरंही पूर्ण नव्हतं, आणि तेच त्यांना आतून खात होतं.

भरे गावची शुभांगी सासूची नजर चुकवून प्रार्थनेला यायची. तिच्या लहान मुलीला, पिंकीलाही फिट यायच्या. एका महिन्याच्या पहिल्या रविवारी पिंकीला कडेवर घेऊन ती आम्हाला हॉलच्या जिन्यावरच भेटली.

"ताई, आजपासनं पोरीच्या गोळ्या बंद. सकाळची दिलीच न्हाई, हितं पर्समधी तशीच हाय. तुमच्याकडं बगून धीर आला."

ताईंनी तिचा दंडच धरला. "अगं बाई, बंद नको करूस! मीसुद्धा घेते गोळ्या."

शुभांगी हसली. "पास्टर म्हनालेच व्हते, लोक असं बोलून आपल्या विश्वासाची परीक्षा बगत्यात. मी न्हाई डगमगायची."

साक्षीची वेळ झाली तशा ताई स्वतःहून पुढे गेल्या. मला वाटलं, सुटल्या एकदाच्या. "मला पुन्हा फिट आली होती," त्या म्हणाल्या. "मी औषध..."

"आमेन!" मागून कुणीतरी ओरडलं. सवयच ती, साक्ष म्हटली की आमेन. अमोघनं माईक घेतला. "ऐकलंत? सैतानानं पुन्हा हल्ला केला! पण बहीण आजही उभी आहे!" कीबोर्ड सुरू झाला, टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या शुभांगी वाजवत होती. ताई परत येऊन बसल्या. त्या दिवशी मला आमच्याच मंडळीची शिसारी आली.

पहिला रविवार म्हणजे प्रभुभोजन, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा प्याला प्रत्येकाच्या हाती येतो, आणि सगळे उभे राहून एकदमच घेतात. हॉलमध्ये तेव्हा कुणी खोकतही नाही. पाव घेऊन झाला. अमोघनं प्याला उचलला. ताईंनी पर्स उघडली, पाकिटातली गोळी काढली, हात उंच करून सगळ्यांना दिसेल अशी धरली, जिभेवर ठेवली आणि प्रभूच्या प्याल्याबरोबर गिळली.

या वेळी कुणीही आमेन म्हणालं नाही. अमोघचा प्याला ओठांपर्यंत गेलेला, तिथंच राहिला.

"ताई," शुभांगीचा आवाज आला, "ही तुमी रोज घेता?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"मग आमाला कशाला नादी लावलं वं?"

तिनं पिंकीला उचललं आणि तडक जिना उतरली. ताई तिच्या मागे धावतील असं मला वाटलं, पण अमोघनं शेवटची प्रार्थना सुरू केली होती आणि प्रार्थनेतून निघून जाणं ताईंच्या रक्तातच नाही. रिकामा प्याला हातात धरून, मान खाली घालून त्या उभ्या राहिल्या. शेजारच्या बाईनं आपली खुर्ची हळूच सरकवून घेतली, तेही त्यांनी पाहिलं. अमोघला शब्द सापडत नव्हते. त्याला असं अडखळताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि खरं सांगते, त्याची ती एकच प्रार्थना मला मनापासूनची वाटली.

"खिडकीतून बघ ना," ताई कुजबुजल्या. "ती काय करतेय?"

मी वाकून पाहिलं. दुकानाच्या पायरीवर बसून शुभांगीनं पर्समधून गोळी काढली होती. एका हातानं डोळे पुसत ती पिंकीच्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होती.

"दिली," मी म्हणाले.

अमोघची प्रार्थना संपली. त्या गप्प हॉलमध्ये नलिनीताई एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या, "आमेन."