मुलीच्या मामांना बोलवा

आमच्या ह्यांना इस्लामपुरात सगळे सयाजी फोटोवाला म्हणतात. नुसतं सयाजी म्हणून हाक मारली तर हे मागं वळून बघायचे नाहीत. तीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या लग्नात उभा आहे. उभा म्हणजे खरोखर उभा. स्टेजच्या कडेला, खुर्चीवर, एकदा तर आंब्याच्या फांदीवर. आता गुडघे बोलायला लागलेत. सीझनमध्ये घरी आले की दारातच बसतात, बूट काढायचंसुद्धा त्राण नसतं. मी म्हणते, "आवं, आत तरी या." तर म्हणतात, "आलो, हा एकच घेतो." अर्धवट झोपेतसुद्धा ह्यांचं 'हा एकच' चालूच!

घरचं कार्य असलं तर विचारूच नका. "घरचाच फोटोग्राफर हाय की," म्हणून सगळे ह्यांना कामाला जुंपणार. आमच्या स्वतःच्या लग्नात, सांगायला लाज वाटते, हे मधेच उठले आणि त्या फोटोग्राफरचा फ्लॅश नीट करून देत बसले. भटजी मंत्र थांबवून बघतायत आणि मी एकटी होमापुढं धूर खात बसलेय. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

ह्यांच्या धाकट्या बहिणीच्या, शकुंतलेच्या लग्नात तर कहर झाला. आपल्याकडं नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. आणि शकूचा हा एकुलता एक भाऊ ऐन वेळेला समोर कॅमेरा लावून बसलेला. कान पिळला चुलतभाऊ जोतिबानं. फोटो झकास आला. पण शकूच्या मनात ते राहिलं ते राहिलंच.

म्हणून यंदा तिच्या शिवांजलीचं लग्न ठरलं तशी शकू घरी आली. चहाला हातसुद्धा लावला नाही.

"दादा, एकच मागते. पोरीच्या पाठीशी मामा म्हणून तू उभा ऱ्हायचं. जोतिबा न्हाई. तू."

"म्हंजे काय! मामा मीच हाय की," हे म्हणाले.

शकूनं माझ्याकडं बघितलं. मी तिचा गार झालेला चहा उचलून आत नेला.

पुढच्या आठवड्यात शिवांजलीचा फोन. पोरगी शेतकी कॉलेजात शिकलेली, होणारा नवरा यशराज सांगलीचा, तोही तसलाच. दोघांनी ठरवलं होतं की लग्न पर्यावरणाला धरून करायचं. कडेगावकडं शकूच्या शेतातच, घरापुढं मांडव, तोही नारळाच्या झावळ्यांचा. फ्लेक्स नाही, प्लॅस्टिक नाही, फटाके नाहीत, जनरेटर नाही, डॉल्बी तर नाहीच, पण साधा माइकसुद्धा नाही. अक्षता ज्वारीच्या, खाली पडल्या तरी पाखरांना व्हाव्यात म्हणून. प्यायला माठातलं पाणी, जेवायला पळसाच्या पत्रावळ्या. शकूचा नवरा हंबीरराव फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेला, तो कपाळाला हात लावून बसला. "एवढं गप्प तर आमी बॉर्डरवर बी न्हवतो," म्हणाला. पण पोरीपुढं सुभेदाराचं काय चालतंय?

फोटोचंही पोरीनंच ठरवलं. ड्रोन नको, दिव्यांचे खांब नकोत, माणसांचा ताफा नको. "मामा एकटेच काढतील. असेल तेवढा उजेड पुरे."

झालं! आई म्हणते मामा म्हणून उभा राहा, लेक म्हणते फोटो काढा, आणि माणूस एकच. शेवटी मी मधे पडले. म्हणलं, भटजींनी मामाला बोलावलं की कॅमेरा माझ्या हातात द्यायचा. आमच्या स्टुडिओत बसून निम्म्या गावाचे फॉर्मवरचे फोटो मीच काढते, तेवढं जमेल मला. हे 'बरं' म्हणाले. हे सगळ्यालाच 'बरं' म्हणतात. दमलेल्या माणसाला भांडायचाही कंटाळा येतो.

आदल्या दिवशी ह्यांना वाईत दुसरं लग्न होतं. तिथं नवरा-नवरीला धुरातनं चालवत आणलं, वरनं चकचकीत कागदाचे तुकडे उडवले, डॉल्बी तर असा की ह्यांच्या छातीत धडधडायला लागलं. घरी आले ते डोळे लाल, पाय सुजलेले. सकाळी तसेच आंघोळ करून जोतिबाच्या गाडीतनं कडेगावला निघालो.

"आज जरा मामासारखं वागा," मी म्हणलं.

"व्हय गं," म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.

"वहिनी, काळजी नको," जोतिबा गाडी चालवत खिदळला. "फेटा मीबी आणलाय. लागला तर आसू दे."

त्याचं तरी काय चुकलं? प्रत्येक वेळी ह्यांच्या जागेवर तोच उभा राहत आलाय.

मांडवात पोचलो तर झावळ्यांतनं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली आलेलं. प्रत्येकाच्या तोंडावर एक पट्टा काळा, एक पांढरा. हे वैतागले. "ह्यो काय उजेड हाय? पाव्हणं सगळं वाघावानी दिसायला लागल्यात," म्हणाले आणि लागले की कामाला. ह्याला तिकडं सरकव, त्याला इकडं ओढ. खाली बसले की मांडवाच्या खांबाला धरून उठायचे. हंबीररावानं मानाचा गुलाबी फेटा बांधला ह्यांना. तो कॅमेऱ्याला अडतोय म्हणून हे जरा वेळानं खुर्चीवर काढून ठेवून मोकळे. मी उचलला. शकूनं दारातनं ते बघितलं.

यशराज पाटावर उभा राहिला. अंतरपाट धरला. भटजी साध्याच आवाजात म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

सगळं शांत. समोर घराच्या दारात शिवांजली पिवळ्या साडीत उभी, बाजूला शकू. मी कॅमेरा घ्यायला ह्यांच्याकडं निघाले. हे गुडघ्यावर बसलेले, डोळा कॅमेऱ्याला, कॅमेरा दारावर रोखलेला. आणि ओरडले! डॉल्बीच्या वर ओरडायची इतक्या वर्षांची सवय, त्याच घशानं ओरडले.

"ओ, मामा कुठं ऱ्हायले? मुलीच्या मामांना बोलवा रं कोणतरी! दरवेळी ह्यो मामाच गायब आसतो!"

दुसऱ्या लग्नात हे कुणाच्या कानावरही गेलं नसतं. इथं झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग सगळा मांडव खो खो हसायला लागला. हंबीरराव डोळे पुसत हसत होता. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू? तिकडं जोतिबा फेटा सारखा करत उठलाच. "ऱ्हाऊ द्या, मी हाय की!"

"जोतिबा, खाली बस," शकू म्हणाली.

ती हसत नव्हती. पोरीचा हात सोडून ती चालत मांडवात आली, भावाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. हसणारे एकेक करून गप्प झाले. माइक नसला तरी तिचं बोलणं मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"दादा, माझ्या घरातल्या फोटोत सगळी हायत. आई हाय, आबा हायत. ती दोघं गेली, तरी फोटोत हायत. तू जित्ता हाईस आन् एका फोटोत न्हाईस. मला आज एकबी फोटो नको. मला भाऊ पायजे."

"ताई, मुहूर्त..." भटजी चाचरले.

"जाऊ दे मुहूर्त. हा उठल्याबिगर पोरगी दारातनं हलायची न्हाई."

हे तसेच गुडघ्यावर बसून होते. मला वाटलं गुडघा अडकला, म्हणून दंडाला धरून उठवलं. गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा काढायला गेले तर तो कॉलरमध्ये अडकला आणि ह्यांना तो सुटेना. मी सोडवला. फेटा डोक्यावर ठेवला. हे बहिणीच्या मागनं दारापर्यंत चालत गेले. शिवांजलीनं हात पुढं केला. "चला मामा," म्हणाली, आणि खरं सांगायचं तर मामानं भाचीला नाही आणलं, भाचीनंच मामाला आणलं.

मंगलाष्टका सुरू झाल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला. इतकी वर्षं संसार केला, पण त्या काचेतनं मी ह्यांना पहिल्यांदाच बघत होते. शिवांजलीच्या पाठीशी उभे. हातात काही नाही म्हणून हाताचं काय करावं ते कळेना, शेवटी दोन्ही हात भाचीच्या खांद्यांवर ठेवले. गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळं, तोंड जरासं उघडं. अगं बाई, किती म्हातारा झाला हा माणूस! रोज ताटाला ताट लावून जेवते, मला कसं दिसलं नाही? बोट बटणावर होतं, पण कितीतरी वेळ ते दाबायचं मला सुचलंच नाही. दाबलं तेव्हा ज्वारी उडत होती.

मग पंगती बसल्या. फोटोग्राफर कायम शेवटच्या पंगतीला जेवतो, भात गार झालेला, आमटीचा नुसता तळ. आज शकूनं ह्यांना पहिल्या पंगतीला हाताला धरून बसवलं आणि स्वतः वाढायला उभी राहिली. मी सवयीनं कॅमेरा त्यांच्यापुढं केला.

"तूच काढ आज," म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

शकूनं खपली गव्हाची खीर वाढली. ह्यांनी पहिला घास घेतला आणि हात पत्रावळीवर तसाच ठेवून बसून राहिले.

"शकू," म्हणाले, "मी लय दमलोय गं."

मला राग आला. का येऊ नये? दारात बूट काढून देते मी, पाठीला तेल चोळते मी, 'दमलात का' म्हणून रोज विचारते मी, आणि मला उत्तर काय, तर 'छ्या, कशाचं काय!' सांगितलं कुणाला, तर बहिणीला, भर पंगतीत! माझे डोळे भरून आले, ते रागानं का कशानं, मलाच कळलं नाही. पण सांगितलं एकदाचं. कुणाला का असेना.

शकूनं पळी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ मातीतच बसली.

"ठावं हाय, दादा," ती म्हणाली. "आता कुठं जाऊ नगंस. जेव."