रुपीबाईनं विचारलं नाही तो दिवस

आर्णीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत तनवीरभाईंचं शाळेचे गणवेश शिवायचं युनिट आहे. तिथे मी काज-बटणाच्या मशीनवर बसते आणि माझ्या शेजारी शिलाईवर रुपीबाई. ती जवळच्या तांड्यावरून येते. वय पंचेचाळिशीचं, अंग किडकिडीत आणि प्रश्न विचारायची भारी हौस. कंडक्टरला विचारील, गाडी मागं घेताना ड्रायव्हरला दिसतं कसं? चहावाल्याला विचारील, अद्रक आधी टाकायचं की मागून, आणि काहून?

ती नवीन आली तेव्हा तिला मराठी जेमतेम यायची. काही समजलं नाही की बंजाऱ्यांच्या गोरबोलीत "कांई?" म्हणायची. पोरींनी तिचं नाव कांईबाई पाडलं. दुसरी एखादी गप्प बसली असती. हिनं पोरींनाच विचारलं, "'कांई'ले तुमच्यात काय म्हणते?"

"काय."

"मंग फरक तं लई नाही. हसून कायले राह्यल्या?"

मागच्या उन्हाळ्यात अस्मा कामाला आली. ती जन्मापासून बहिरी. यवतमाळला बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकलेली, लिहिता-वाचता येणारी. तनवीरभाईंनी तिला कोपऱ्यात बसवलं आणि तयार शर्टांचे सुटे धागे कापायचं काम दिलं. सुरुवातीला आम्ही तिच्याशी मोठ्यानं ओरडून बोलायचो, जसं काही जोर लावल्यावर ऐकू जाईल. मग हळूहळू बोलणंच थांबलं. डबे उघडले की आम्ही गोल करून बसायचो आणि ती भिंतीकडे, मोबाइल बघत.

एके दिवशी रुपीबाई आपला डबा घेऊन तिच्यापुढे जाऊन बसली. एक धागा उचलला आणि भुवया वर केल्या. अस्मा आधी बुचकळ्यात पडली. मग तिनं हातानं एक खूण करून दाखवली. रुपीबाईनं ती केली, चुकली, पुन्हा केली. मग सुई, भाकर, ऊन, सासू. सासूची खूण बघून दोघी इतक्या हसल्या की बाकीच्याही सरकत सरकत तिकडे गेल्या. तेव्हा आम्हाला कळलं, अस्मानं आम्हा सगळ्यांना कधीच खुणांची नावं देऊन टाकली होती. तनवीरभाई म्हणजे डोक्यावर ढकललेला चष्मा. कटिंगमास्तर धम्मरत्न म्हणजे गळ्यातली टेप. मी म्हणजे दोन दणके, कारण माझं मशीन दणादण हलतं.

"तिच्या मनात आपण कसे दिसतो, कोणाले ठावं होतं?" रुपीबाई मला म्हणाली. "विचारलं म्हणून समजलं."

पावसाळ्याच्या तोंडावर कामाची घाई सुरू होती. धम्मरत्न कापडाच्या थानांनी भरलेली गाडी ढकलत आला आणि ओरडला, "बाजूला व्हा!" अस्मा पाठमोरी होती. गाडी लागून ती पडली. कोपर खरचटलं, एवढंच. धम्मरत्ननं गाडी तिथंच सोडून तिला उठवलं.

तनवीरभाई धावत आले. माणूस मनानं चांगला. म्हणाले, "बेटा, तुला काही झालं तर तुझ्या अब्बांना मी काय तोंड दाखवू? तू घरीच बस. मी माल घरी पाठवतो, धागे तिथंच काप."

रुपीबाई मशीन सोडून उठली. "काहून घरी? तिची काय चूक? तिले इथं करमते. ते कोपऱ्यातलं काम तिले आवडते. ती गाडीच्या रस्त्यात येनारच नाही, मी ध्यान ठेवीन."

आम्हाला वाटलं, काय छान बोलली! अस्मा एकदा हिच्या ओठांकडे, एकदा त्यांच्या ओठांकडे बघत होती. एकदम तिनं कटिंगच्या टेबलावर जोरात हात आपटला. धम्मरत्नचा खडू उचलला आणि टेबलावर पसरलेल्या कापडावर लिहिलं, "मी इथे आहे." त्याखाली, "मला कटिंग शिकायचं."

"कटिंग? तुले?" धम्मरत्न खाली बघत पुटपुटला. मग त्याच्या लक्षात आलं. मान वर करून, तिच्याकडे तोंड करून त्यानं तेच पुन्हा विचारलं. तिनं मान डोलावली.

"पण विजेचा कटर चालू झाला हे तुला कळणार कसं?" तनवीरभाईंनी विचारलं. या वेळी तिलाच.

अस्मानं टेबलावर तळवा टेकवून बोटं थरथरवली, म्हणजे कटरची थरथर हाताला कळेल. मग वर छताकडे, दिव्याकडे बोट दाखवलं. त्याच आठवड्यात मिस्त्री येऊन लाल दिवा बसवून गेला. कटर सुरू झाला की दिवा लागतो. गाडी आता तिच्या समोरूनच आणायची, असंही ठरलं.

रुपीबाई मात्र रुसली. डबा घेऊन आपल्या जाग्यावरच बसू लागली. बसस्टँडकडे जाताना म्हणाली, "मी तिच्यासाठी भांडली अन् तिनं मलेच गप केलं. मी चुकली का वं, पायल?"

"तिला कोपरा आवडतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

ती चालता चालता थांबली. आठवायला लागली. कोणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती अस्मापुढे जाऊन बसली. कितीतरी वेळ दोघींचे हात चालू होते. नंतर तिला जेवढं समजलं तेवढं तिनं मला सांगितलं. "घरी पाहुणे आले की तिचं पोट भरलं का, तिले थंडी वाजते का, समदं दुसरेच सांगते म्हने. कोनी वाईट नाही. समदे मायेनंच बोलते. पन तिची पाळीच येत नाही."

"मग तुम्ही काय करायचं?"

"म्या बी तेच विचारलं. ती म्हने, लोक काय बोलून राह्यले ते मले सांग. माझं मी बोलीन."

हे रुपीबाईला सोपं नव्हतं. तनवीरभाई कामाचं सांगायला सगळ्यांना जमवत, तेव्हा ती अस्मासमोर उभी राहून खुणा करायची आणि मधेच आपलंच काही घुसडायची. अस्मा तिच्या हनुवटीला बोट लावून तिचं तोंड तनवीरभाईंकडे वळवायची, तिला मूळ बोलण्यावर आणायची. धम्मरत्नलाही शिकावं लागलं. भिंतीकडे तोंड करून बोलायची त्याची जुनी सवय. तिला बाह्या आखायला शिकवताना तो दहादा तिच्याकडे वळायचा.

दिवाळीनंतर अस्मा एकटीनं कटर धरू लागली. एकदा तिनं बाह्यांचा अख्खा थर आखूड कापला. तनवीरभाई तडक तिच्यासमोर आले आणि आम्हा सगळ्यांना बोलतात तसंच तिलाही बोलले, आवाज चढवून, हातवारे करून. मी रुपीबाईकडे पाहिलं. ती अर्धी उठली, मग मशीनची कड धरून खाली बसली.

अस्मानं सगळं ऐकून, म्हणजे बघून घेतलं. मग तिनं खाकी कापडावर बोट ठेवलं. ते धुतल्यावर आटणारं होतं, म्हणून बाह्या थोड्या लांब कापायला हव्या होत्या; पण तशी खूण थानावर कोणी केलीच नव्हती. धम्मरत्ननं डोक्याला हात लावला, कारण ते काम त्याचं होतं. आता बोलणी खायची पाळी त्याची आली.

तोवर अस्मानं नवीन कापड पसरायला घेतलं होतं. दुपारी नव्यानं कापलेल्या बाह्या शिवायला रुपीबाईच्या मशीनवर आल्या.