पिठाच्या देवीची पाठवणी

ब्रेडच्या कारखान्यात पीठ जसं कोपऱ्याकोपऱ्यात साठतं, तसे किस्सेही साठतात. इथे परदेशात, आमच्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या कारखान्यात तर जास्तच, कारण इथल्या मशिनांना ग्रीक देवींची नावं आहेत. मॅनेजर एलेनीची आजी ग्रीसची. "मोठ्या देवी बिझी असतात, म्हणून धान्याच्या आणि खाण्याच्या छोट्या देवी घेतल्या," ती म्हणते.

*

पॅकिंगचं मशीन ॲडेफेजिया, म्हणजे खादाडपणाची देवी. पुण्याच्या सवयीने मी पहिल्याच दिवशी टाय घालून तिच्यासमोर उभा राहिलो. एलेनी कात्री घेऊन आली.

"तू काढतोस, की मी कापू? आधीच्या इंजिनियरचा हिने खाल्ला."

*

फळं कापणारी ओपोरा, सुगीची देवी. इथे घरोघरी पिकणाऱ्या फिजोआच्या सीझनला जो तो घरून बादलीभर फळं आणतो, नेत मात्र कोणी नाही. प्रसाद नाकारत नाहीत, हे एलेनीला गिरणीवरच्या आमच्या दाढीवाल्या मंदारने सांगितलं होतं. तिने बादल्यांवर पाटी लावली, 'ओपोराचा प्रसाद'.

दुपारपर्यंत बादल्या रिकाम्या. सगळ्या आम्हा मराठी लोकांच्या गाड्यांत.

*

युनोस्टोस ही पीठगिरणीची देवी. आमची जुनी गिरणी तीच, आणि ती फक्त मंदारचं ऐकायची. दसऱ्याला त्याने एलेनीकडे पूजेची परवानगी मागितली.

"फूल नाही, कुंकू नाही, नारळ नाही. हायजीन."

"मग काय चालेल?"

"हात जोड. आधी धू."

*

यंदा गिरणी दूरच्या हॉर्नबीतल्या एका बेकरीला विकली. मंदारला घेतलं होतं तिच्यासाठीच, व्हिसाही याच नोकरीवर. लेकीची शाळा, भाड्याचं घर, सगळं टांगणीला लागलं.

गिरणी ट्रकवर चढली. बाहेर हायजीन नव्हतं, म्हणून मंदारची बायको शिल्पा खण-नारळ घेऊन आली आणि तिने गिरणीची ओटी भरली. एलेनीने विचारलं, "हे काय?"

"मुलगी सासरी निघाली की भरतात. सोबत पाठराखीणही जाते, तिला परकं वाटू नये म्हणून. हिला कोण आहे?" शिल्पाने मंदारकडे बघत विचारलं.

एलेनीने तिथेच हॉर्नबीला फोन लावला.

"ट्रक थांबवलाय. आमच्यात मुलगी एकटी जात नाही, सोबत पाठराखीण येते... नाही, दोन दिवसांसाठी नाही, पर्मनंट. व्हिसाचे पेपर तुम्ही करायचे... हो, फॅमिलीसकट."

पलीकडून एक शेवटचा प्रश्न आला.

"हो," ती म्हणाली, "दाढी आहे तिला."