द्वारकाबाई त्रिशूलीत उतरतात

गारखेड्यातल्या द्वारकाबाईंना सदुसष्टावं लागलं, तेव्हा त्यांच्या मुलानं, रामकिसननं, त्यांना नेपाळला न्यायचं ठरवलं. रामकिसन शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. घरातही त्याची ड्युटी संपत नसे. माय, स्टुलावर चढू नको. माय, गार पाणी पिऊ नको. माय, एकटी रिक्षात बसू नको. द्वारकाबाई मान डोलवत आणि मनाला येईल ते करत.

काठमांडूहून पोखऱ्याला जाताना सहलीची बस त्रिशूली नदीकाठी थांबली. दोन्हीकडं हिरवेकंच डोंगर, मधून उसळतं पाणी आणि त्यावर फुगवलेल्या रबरी होड्या. कुणाला राफ्टिंगला जायचंय, असं विचारल्यावर सून लगेच उठली. रामकिसन म्हणाला, मायचं वय झालंय, तिला एकटीला कसं सोडू, मी काठावरच बसतो.

द्वारकाबाई गालात हसल्या. पोरगं पाण्याला भितं हे सुनेला ठाऊक नव्हतं, त्यांना होतं. लहानपणी विहिरीवर पोहायला न्यायचं म्हटलं, की हा दिवसभर बाजरीत लपून बसायचा. त्या स्वतः पैठणजवळच्या, पुढं जायकवाडीत बुडालेल्या गावच्या. लग्नाआधी वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून त्यांनी कितीदा गोदावरी पार केली होती. लग्नानंतर मात्र नदी म्हणजे एसटीच्या खिडकीतून नाणं टाकायची जागा झाली.

होडीवाल्यांचा फॉर्म नेपाळीत होता, पण अक्षरं आपलीच. ‘उमेर’ म्हणजे उमर, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. साठीच्या पुढच्यांना मनाई होती. द्वारकाबाईंनी एकोणसाठ लिहिलं, आणि खाली रामकिसनचंही नाव घालून टाकलं.

“माय, हे काय केलं तू?”

“मला एकटीला सोडायचं नाय म्हणला ना? मग चल की.”

सगळी बस बघत होती. रामकिसन मुकाट्यानं लाइफ जॅकेट चढवून होडीत बसला. पहिल्या लाटेला त्यानं वल्हं सोडून मायचा पदर धरला, दुसरीला डोळे मिटले. द्वारकाबाई त्याचंही वल्हं मारत होत्या.

पुढं पाणी संथ झालं. नावाड्यानं हिंदीत सांगितलं, कुणाला दोर धरून उतरायचं तर उतरा. द्वारकाबाईंनी कासोटा खोचला आणि बिनआवाज पाण्यात सरकल्या. थोड्या वेळानं दोरही सोडला. उताण्या तरंगत डोंगर बघत राहिल्या.

“अम्मा, सच्ची उम्र बताओ,” नावाडी म्हणाला.

“लिखी है ना.”

त्यांना ओढून घ्यायला रामकिसन वाकला आणि धप्पकन पाण्यात पडला. हातपाय झाडू लागला. द्वारकाबाईंनी त्याला जॅकेटच्या पट्ट्याला धरलं.

“झाडू नको. पाय वर कर. आभाळाकडं बघ.”

रामकिसननं आभाळाकडं बघितलं. जॅकेटनं त्याला वर उचललं. जरा वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण बुडत नाही, आणि तो लहान पोरासारखा खिदळायला लागला.

पुढच्या टोकाला वल्हं मारणाऱ्या सुनेनं धप्प आवाज ऐकून मागं बघितलं, तेव्हा तो तरंगत खिदळत होता; होडीत परतल्यावर ती कौतुकानं विचारायला लागली, इतक्या वेगात उडी मारायला कधी शिकलात म्हणून. रामकिसननं मायकडं बघितलं. द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या, लहानपणापासूनच येतं त्याला.

आता तो रोज सकाळी तरणतलावावर जातो. द्वारकाबाई बाकावर बसून शिकवणाऱ्याच्या चुका काढतात.