गायकवाडबाई, डायस आणि रविवारची रेकॉर्ड

आमच्या क्लबच्या जॅझवाल्यांची नवी रेकॉर्ड निघाली आहे. कव्हरच्या मागे गाण्यांची यादी आहे, दोन ठळक नावं आहेत आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'ड्रम्स' म्हणून मी आहे. बस! सोळा वर्षांत जे जे झालं त्यातलं एक अक्षर तिथे नाही. कव्हरवर मावलं नाही ते सगळं माझ्या पोटात साठून राहिलंय, आणि चहाला चार जण जमले की ते बाहेर पडतंच. आता तुम्ही जमलाच आहात, तर ऐका.

आधी माणसं सांगतो. नलिनी गायकवाड म्हणजे पिंपरीतल्या आमच्या कंपनीच्या टेलिफोन ऑपरेटर. त्या गातात. आल्फ्रेड डायस प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या धडधडत्या यंत्रांवर, साचे बसवणारा सेटर; तो पियानो वाजवतो. मी देवधर, इन्स्पेक्शनमध्ये आहे. मी काय वाजवतो ते कव्हरवर भिंग लावून वाचावं.

हे दोघं एकमेकांना 'मिस गायकवाड' आणि 'मिस्टर डायस' म्हणतात. बाईंचं लग्न झालं, दोन मुलं झाली, मोठा शाळेत जायला लागला, तरी डायसचं 'मिस' काही सुटलं नाही!

* * *

क्लबला पियानो मिळाला तो एका परदेशी इंजिनिअरचा. तो मायदेशी परतला आणि पियानो मागे राहिला. कंपनीची वस्तू म्हटल्यावर तिला नंबर पडला. नंबर पडला म्हणजे मेंटेनन्सचं कार्ड आलं आणि कार्ड आलं म्हणजे दर महिन्याला फिटर आला.

आमचे कदम फिटर अत्यंत प्रामाणिक माणूस. त्यांनी पियानो उघडला, आतली हातोडी न् हातोडी पाहिली आणि प्रत्येकीला मनापासून तेल पाजलं. संध्याकाळी डायस येऊन बसला. पट्टी दाबली. काही नाही. दुसरी दाबली. तीही मुकी.

कदम शेजारीच उभे होते, शाबासकीची वाट पाहत. म्हणाले, "पहिलं लई आवाज करत होतं, साहेब. पार बंद केला!"

* * *

पियानो पुन्हा बोलता झाल्यावर कॉलनीच्या गणपतीत आमचा पहिला कार्यक्रम झाला. शब्द मराठी, चाल जॅझची. बाई एक ओळ गायच्या, मग डायस तीच ओळ उलटीसुलटी करून वाजवायचा. लोक शांत बसले होते. इतके शांत की मला भीती वाटायला लागली.

कार्यक्रम संपल्यावर रहाटणीचे एक आजोबा पुढे आले. त्यांचा मुलगा आमच्याकडे लेथवर होता. बाईंना म्हणाले, "पोरी, तू झ्याक गाती. पर त्यो पेटीवाला तुला गाऊच देत न्हाई!"

डायस लांब उभा होता. त्याने विचारलं, "काय म्हणतात?" बाई म्हणाल्या, "तुमचं फार कौतुक करतायत." डायसने जाऊन आजोबांच्या पायाला हात लावला. आजोबा विरघळले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "शिकशील, शिकशील."

* * *

तालमीला वेळ मिळायचा नाही, कारण बाईंची ड्यूटी आणि डायसची शिफ्ट कधी जुळायचीच नाही. मग डायस प्रेस शॉपच्या फोनवरून एक्स्चेंजला फोन लावायचा. "मिस गायकवाड, दुसरं कडवं द्या." लाइन मोकळी असली की बाई हळू आवाजात कडवं द्यायच्या.

एकदा लाइन मोकळी नव्हती. मुंबईचा ट्रंककॉल मागून मोठे साहेब तिकडे ताटकळत होते आणि कुठली तरी वायर जोडलेली राहिली होती. कडवं संपलं आणि साहेबांचा आवाज आला, "ऑपरेटर!" बाईंनी घाईघाईने वायर उपटायला हात घातला.

साहेब म्हणाले, "मुंबईला म्हणावं, थांबा. तिसरं कडवं आहे ना?"

* * *

आता जरा नीट ऐका, कारण रेकॉर्ड निघाली ती यामुळे. प्रेस शॉपमध्ये एवढी वर्षं काढली की कान राहत नाहीत. डायसचा डावा कान आधीच गेला होता आणि उजवाही निघण्याच्या तयारीत होता. क्लबच्या कमिटीला कळलं तर पियानोवरून उठवतील, या एका भीतीपोटी तो कुणाला बोलला नव्हता.

कंपनीच्या दवाखान्यात तपासणी निघाली. डॉक्टर मागे उभे राहून आकडे कुजबुजायचे आणि आपण ते म्हणून दाखवायचे. समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. डायसने काचेत डॉक्टरांचे ओठ पाहून सगळे आकडे बरोबर सांगितले. डॉक्टरांनी कागदावर 'उत्तम' लिहिलं, हात धुवायला मोरीकडे गेले आणि तिथूनच म्हणाले, "झालं, जा आता."

डायस बसलेलाच. डॉक्टर तीनदा म्हणाले. हा कपाटाकडे टक लावून बसलेला!

डॉक्टर भला माणूस. कागद फाडला नाही, पण संध्याकाळी एक्स्चेंजमध्ये जाऊन बाईंना सांगितलं, "वर्षभर, फार तर." बाई त्या दिवशी डायसला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तालमीला आल्या आणि म्हणाल्या, "मिस्टर डायस, आपण रेकॉर्ड काढायची. याच वर्षी." डायस काय ते समजला. त्याने होकारार्थी मान हलवली. मला त्या क्षणी रडू आलं होतं, आणि ते लपवायला मी उगीचच ड्रमचे स्क्रू आवळत बसलो.

* * *

मुंबईचा एक रेकॉर्डिस्ट मशीन घेऊन क्लबच्या हॉलमध्ये यायला तयार झाला. मी कळवलं, 'सुट्टीच्या दिवशी या, शांतता असते.' आमच्या पट्ट्यात, पिंपरीपासून भोसरीपर्यंत, सुट्टी गुरुवारी. विजेसाठी तशी वाटणीच आहे. आमची पोरंसुद्धा गुरुवारीच मामाकडे जातात. जगात बाकीच्यांची सुट्टी रविवारी असते हे मी साफ विसरलो होतो!

पाहुणे रविवारी सकाळी नऊला हजर. आणि भिंतीपलीकडे फोर्ज शॉपचा, तापलं लोखंड ठोकणारा हॅमर सुरू. धप्प. धप्प. धप्प. रेकॉर्डिस्टने कानांवर हात ठेवले. परत जातो म्हणाला. पुन्हा यायला त्याला सहा महिने सवड नव्हती. मोठ्या साहेबांनी आम्हा तिघांना त्या दिवशी कामातून मोकळं केलं होतं, म्हणून बाईंनी त्याला कसंबसं थांबवलं.

त्याने मला गाद्यांच्या आड बसवलं आणि बाईंना माइकशी, डायसकडे पाठ करून. झालं! माझा ड्रम डायसला ऐकू येईना आणि बाईंचे ओठ दिसेनात. मी घाबरलो. पण हा पठ्ठ्या सुरू झाला, आणि काय लयीत! एक गाणं, दोन गाणी, सात गाणी. मी गाद्यांवरून डोकं काढून विचारलं, "अरे, जमतंय कसं?"

त्याने जमिनीकडे बोट दाखवलं. "हॅमर. पायातून येतो. देवधर, तुझ्यापेक्षा बरा वाजवतो!"

रेकॉर्डवरच्या ड्रम्सचं कौतुक करणारे खूप भेटतात. मी नम्रपणे मान खाली घालतो.

* * *

शेवटचं गाणं राहिलं आणि फोर्जवाल्यांची जेवणाची सुट्टी झाली. हॅमर थांबला. रेकॉर्डिस्टला आनंद झाला. "वा! आता शांत! घ्या पटकन!"

डायसचे हात पट्ट्यांवर तसेच राहिले. त्याने एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सकाळपासून पहिल्यांदाच मला त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

बाईंनी वळून पाहिलं. माइक सोडला आणि चालत पियानोपाशी गेल्या. रेकॉर्डिस्ट ओरडला, "मॅडम, तिकडून आवाज येणार नाही!"

"मग माइक इकडे आणा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डायसच्या खांद्यावर हात ठेवला. बोटांनी लय धरली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. डायसने डोळे मिटले आणि ते गाणं सुरू झालं.

ते कसं झालं हे मी सांगणार नाही. रेकॉर्ड घ्या आणि ऐका. गाणं संपल्यावर जरा वेळ काहीच नाही, आणि मग डायसचा आवाज येतो, अगदी हळू. "संपलं का, मिस गायकवाड?" त्यानंतर खांद्यावर दोनदा थोपटल्यासारखा आवाज येतो.

टेप ऐकताना रेकॉर्डिस्ट म्हणाला, "गाणं फार लांबलंय, मॅडम. शेवटचं ते बोलणं कापून टाकतो."

बाई म्हणाल्या, "लांबलं असेल तर गाणं कापा."