रडवणारे लक्ष्मीकांत

कुवेतच्या मराठी मंडळात लक्ष्मीकांतरावांची ओळख करून देताना ‘रिफायनरीतले इंजिनिअर’ असं कोणी म्हणत नसे. ‘आपले रडवणारे लक्ष्मीकांत’ म्हटलं की पुरे. मूळचे नाशिकचे, आखाती युद्धानंतर ब्याण्णवला कुवेतला परत आलेले, आवाज बरा, आणि आईवरची, माहेरावरची गाणी म्हणण्यात हातखंडा. जलीबमधल्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन मंडळाचे कार्यक्रम होत, आणि शेवटचं गाणं यांचं हे ठरलेलं. दुसऱ्या कडव्याला बायकांच्या पर्समधून रुमाल निघायला लागत. लक्ष्मीकांतराव गाता गाता ते मोजत. सहा-सातच निघाले, तर शेवटची ओळ आणखी एकदा, जरा कापऱ्या आवाजात घ्यायची, म्हणजे उरलेलेही निघतात, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

एक रुमाल मात्र कधीच निघाला नव्हता, तो त्यांच्या बायकोचा. मुक्ताताई पहिल्या रांगेत कोरड्या डोळ्यांनी बसत आणि गाणं संपलं की सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत. घरच्या माणसाला काय कौतुक, अशी ते स्वतःची समजूत घालत. ती त्यांना पटत नसे.

सत्त्याण्णवच्या दिवाळी संमेलनात जयदीप नावाचा एक तरुण इंजिनिअर गायला उभा राहिला. पुण्याचा, एका जपानी कंत्राटदाराकडे नुकताच लागलेला. साइटवरच्या जपानी लोकांकडून तो एक गाणं शिकला होता. “अर्थ मलाही धड माहीत नाही, सांभाळून घ्या,” असं म्हणून त्याने शब्दांची चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली, आणि गाणं संपेपर्यंत नजर तिच्यावरून हलवली नाही. चाल संथ होती. एकेक स्वर लांबवत न्यायचा, मध्येच आवाज फुटल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा सावरायचा. पहिल्या मिनिटाला खुसखुस झाली. दुसऱ्या मिनिटाला हॉल चिडीचूप. मग रुमाल निघायला लागले. लक्ष्मीकांतरावांनी सवयीने मोजायला सुरुवात केली आणि चौदावर येऊन ते थांबले, कारण पंधरावा मुक्ताताईंचा होता.

घरी परतताना सिक्स्थ रिंग रोडवर त्यांनी विषय काढलाच.

“तुला अर्थ कळला त्या गाण्याचा?”

“नाही.”

“मग रडलीस कशाला?”

“आलं रडू.”

लक्ष्मीकांतरावांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. कालचं पोर येतं काय, अगम्य भाषेत काहीतरी म्हणतं काय, आणि जे आपल्याला एकोणीस वर्षांच्या संसारात जमलं नाही ते चार मिनिटांत उरकून जातं काय! आणि वर सगळे त्याला भाऊबीजेच्या जेवणाची आमंत्रणं देतात.

त्यांनी गोड बोलून जयदीपकडून त्या गाण्याची कॅसेट मिळवली. “काका, तुम्हाला आवडलं?” म्हणून तो बिचारा हरखून गेला. रिफायनरीत तेव्हा दुरुस्तीसाठीच्या शटडाउनच्या कामाला नाकागावा नावाचे वयस्कर जपानी इंजिनिअर आले होते. लक्ष्मीकांतरावांनी जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाडीत बसवून कॅसेट लावली. गाणं मासळीबाजाराचं नाहीतर दारूच्या गुत्त्याचं निघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तसं निघालं असतं तर पुढच्या कार्यक्रमात अर्थ जाहीर करून ते मोकळे झाले असते. पण नाकागावांनी चष्मा काढला. आमच्याकडे या जातीच्या गाण्यांना एन्का म्हणतात, असं ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले. मग अर्थ सांगितला. बर्फ पडतंय, धक्क्यावर एक बाई नवऱ्याच्या बोटीची वाट बघते, बोट येते, तो येत नाही, आणि ती घरी जाऊन दोघांचा भात शिजवते.

लक्ष्मीकांतरावांचा चेहरा पडला. पण घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात दुसरंच शिजलं. हेच गाणं आपण मराठीत केलं तर? न कळता पंधरा रुमाल निघाले, कळल्यावर हॉल वाहून जाईल. दोन महिने त्यांनी शब्द जुळवले. जयदीपला पत्ता लागू दिला नाही.

संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांनी ते म्हटलं. सूर चोख लागला होता. शेवटची ओळ त्यांनी तीनदा घेतली. टाळ्या कडाडून पडल्या, जयदीप तर उभा राहून वाजवत होता. रुमाल मात्र एकही निघाला नाही. पहिल्या रांगेत मुक्ताताई तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, कोरड्या डोळ्यांनी.

घरात शिरल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

“एकदाच विचारतो. त्याचं ऐकून रडलीस, माझं का नाही?”

मुक्ताताईंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “अहो, तुम्ही गाताना आमच्याकडे बघत असता. कोण रडतंय, कोण राहिलंय. तुमची नजर माझ्यावर आली की माझे डोळे सुकतात. तो मुलगा कोणाकडेच बघत नव्हता.”

“म्हणजे माझ्या गाण्यात काहीच नाही?”

“असं कुठं म्हटलं मी? शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तुम्ही दाढी करताना गुणगुणता ना, तेव्हा मी मुद्दाम कांदा चिरायला घेते. विचारलंत तर सांगायला कारण असावं म्हणून.”

लक्ष्मीकांतराव दाराशीच उभे राहिले. “इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस.”

“बोलले असते, तर तिथंही माझ्याकडे बघत गायला लागला असता.”

शुक्रवारी सकाळी ते आरशासमोर उभे राहिले, गालाला साबण लावला. एरवी तोंडात काहीतरी आपोआप यायचं. आज त्यांनी आठवून एक ओळ सुरू केली, आणि अर्ध्यावर थांबून स्वयंपाकघराकडे कान दिला. तिकडे भांडी वाजत होती, कांदा चिरल्याचा आवाज नव्हता. त्यांनी ओळ पुन्हा धरली, पुन्हा थांबले. दोन महिने त्यांनी जयदीपचा हेवा केला होता. आता त्यांना हेवा वाटत होता तो गेल्या शुक्रवारपर्यंत याच आरशासमोर दाढी करून गेलेल्या माणसाचा.