ओढण्याचा वेग

घरात त्याला अणुमास्तर म्हणत. दिवसभर संगणकात धातूची नक्कल करून ती ओढून बघायची, हा त्याचा धंदा. धातूत अणूंच्या रांगा असतात आणि मधेच एखादी अर्धवट रांग घुसलेली असते, तिकिटाच्या खिडकीपाशी लोक घुसतात तशी. ती सरकली की धातू वाकतो. कधी सरकेल, ते मास्तर शोधायचा. "एक भाऊ लोखंड उचलतो, दुसरा नुसता बघतो," वहिनी चारचौघांत म्हणायची आणि दादा खो खो हसायचा.

दादाच्या कारखान्यात क्रेनला नव्या मिश्रधातूचा हूक आला. तपासणी मास्तरकडेच आली. संगणकात धातू डोळ्याचं पातं लवायच्याही कितीतरी आधी ओढावा लागतो. एवढ्या घाईत त्या अर्धवट रांगेला सरकायला फुरसत मिळत नाही आणि धातू आहे त्याहून दणकट दिसतो. तो फुकटचा दणकटपणा वजा करायचा असतो. मास्तर नेमकं तेच विसरला. वर दादाला छातीठोकपणे म्हणाला, "बिनधास्त उभा राहा त्याखाली!"

जेवणाच्या सुट्टीत क्रेनवाल्याने ओझं नेहमीसारखं लटकतं ठेवलं. हूक हळूहळू उघडत गेला. सुट्टी संपवून दादा ओझ्याखाली आला आणि ते कोसळलं. कमरेखाली त्याचं काही उरलं नाही. जागच्या जागी गेला.

मास्तर पोचला तेव्हा कामगार क्रेनवाल्याला लाथांनी तुडवत होते. त्याचे दात फरशीवर पडले होते. बातमी ऐकून धावत आलेल्या वहिनीच्या हातात लोखंडी कांब होती.

"थांबा! हूक मी पास केला होता," मास्तर ओरडला. "मी तो क्षणात ओढून पाहिला. इथे तो तासभर ताणात होता, म्हणून..."

"ऐकलंत?" फोरमन गरजला. "तासभर लटकवला ह्याने! शिकलेला माणूस सांगतोय!"

पुन्हा लाथा. बरगडी मोडल्याचा आवाज मास्तरने स्पष्ट ऐकला. त्याला स्वतःच्या जिभेची किळस आली. कारणं आधी आणि कबुली मागाहून, अशीच त्याला बोलायची सवय. तो धावत जाऊन क्रेनवाल्यावर आडवा पडला.

"ह्याने काही केलं नाही, वहिनी! तासभर काय, दिवसभर टिकायला हवा होता तो हूक. चूक माझी. दादाला मी मारलं."

लाथा थांबल्या.

"सरका सगळे," वहिनी म्हणाली.

पहिला घाव मास्तरच्या पाठीत बसला. त्याने दोन्ही हातांनी क्रेनवाल्याचं डोकं झाकलं आणि स्वतःचं उघडंच ठेवलं.